गिअरचं तेल

"काळं आहे ना?" गाडीखालून आजोबांनी विचारलं. "चांगलं काळं असेल."

आजी टॉर्च धरून अंगणात उकिडव्या बसल्या होत्या. पसरट टबात तेलाची धार पडत होती आणि करपल्याचा वास सुटला होता. "काळंकुट्ट आहे," त्या म्हणाल्या, आणि आवाजातला आनंद लपवायला खोकल्या.

आजी-आजोबा ही पदवी दोघांना नवीनच मिळाली होती. उद्या सकाळी मुलगी तान्ह्या नातीला घेऊन पहिल्यांदाच यायची होती, आणि तिला आणायला स्टेशनवर गाडी घेऊन आपणच जाणार, असं आजोबांनी जाहीर करून टाकलं होतं. टॅक्सीचं नाव काढायची सोय नव्हती.

अडचण होती ती आजोबांच्या डोळ्यांची. मागच्या महिन्यात त्यांनी फाटकाच्या खांबाला गाडी घासली आणि खांब वाकडा बांधलाय म्हणून गवंड्याचा उद्धार केला. परवा वळणावर एक सायकलवाली थोडक्यात वाचली. ती आजोबांना दिसलीच नव्हती, शेजारी बसलेल्या आजी ओरडल्या म्हणून ब्रेक लागला. मुलाने एकदा फोनवर 'बाबा, आता गाडी सोडा' एवढंच म्हटलं, तर आजोबांनी त्याच्याशी अबोला धरला. उभा जन्म गाडी चालवलेल्या माणसाला सांगणार कोण? आजींचीही जीभ रेटत नव्हती. पण मागच्या सीटवर नात असणार, या विचाराने त्यांना घास गोड लागत नव्हता.

अशात देव पावला तो कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्या रूपाने. गाडी ब्रेकच्या कामासाठी त्याच्याकडे होती. काल दुपारी आजी चौकशीला गेल्या, तर तो हात पुसत बाहेर आला.

"काकू, या ऑटोमॅटिक गिअरच्या तेलाला हात लावू नका," तो म्हणाला. "इतकी वर्षं कुणी बदललेलं नाही. आता आतल्या गाळावरच तग धरून आहे. नवं तेल घातलंत की ही जागची हलणार नाही."

घरी पोचेपर्यंत आजींचा बेत शिजला होता. संध्याकाळी आजोबा गाडी घेऊन आले आणि चहाला बसले, तसा आजींनी हळूच विषय काढला. नात बसणार आहे, तेव्हा गिअरचं तेल बदलून घेतलेलं बरं नाही का? बरीच मनधरणी करावी लागेल, अशी त्यांनी मनाची तयारी ठेवली होती. गाडीच्या बाबतीत कुणी सल्ला दिला की आजोबांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण कपातला चहा संपायच्या आत स्वारी तयार. वर म्हणाले, मेकॅनिक कशाला, घरीच बदलू. आजींचा आपल्या नशिबावर विश्वास बसेना.

आणि आज सकाळपासून आजोबांच्या अंगात वारं संचारलं होतं. शीळ घालत त्यांनी अंगणात उतरत्या फळ्या मांडल्या. आजींच्या हातवाऱ्यांवर गाडीची पुढची चाकं फळ्यांवर चढवली, मागच्या चाकांना दगड लावले आणि खाली शिरले. बोल्ट हाताने चाचपून शोधला. तो हटेना, तेव्हा पान्यावर असा काही गुद्दा घातला की बोल्ट सुटला आणि तेल कोपरापर्यंत आलं. दोघंही हसत सुटले. इतकं एकत्र हसून बरीच वर्षं झाली होती.

"गाळ निघतोय का?"

"निघतोय की. भरपूर."

"सगळा निघू दे," आजोबा समाधानाने म्हणाले.

बोल्ट पुन्हा आवळला. जेवढं निघालं तेवढंच घालायचं, म्हणून आजींनी काळं तेल सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत मापून ठेवलं. नवं तेल डाळिंबाच्या रसासारखं लाल होतं. नरसाळ्यातून ते आत जाताना आजींना जरा वाईट वाटलं. गाडी बिचारी गुणाची होती.

मग आजोबा आत बसले. इंजिन सुरू करून, ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी गिअरचा दांडा प्रत्येक खाचेत नेला, थोडा वेळ थांबवला, परत आणला. आजींनी तेलाची पट्टी पुसून बुडवली. लाल रेघ अगदी खुणेवर होती. दगड काढल्यावर गाडी मागे घरंगळत फळ्यांवरून उतरली, पण ती उतारामुळे. खरी परीक्षा पुढेच होती.

आजींनी फळ्या बाजूला केल्या आणि शेजारी येऊन बसल्या. टॅक्सीवाल्याचा नंबर त्यांनी फोनमध्ये काढूनच ठेवला होता. आजोबांनी दांडा ओढला आणि ब्रेकवरचा पाय उचलला.

गाडी चालू लागली.

ना हिसका, ना कुरकुर. फाटकातून बाहेर पडली, गल्लीला वळली, चढ लागला तशी आणखीच खुलली. गिअर कधी बदलला ते कळतसुद्धा नव्हतं. घेतल्या दिवशीही ती इतकी सुरेख चालली नव्हती. आजींनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

आजोबांची शीळ थांबली होती. कान देऊन आवाज ऐकत असतील, असं आजींना वाटलं. वळणावर त्यांनी 'डावीकडे माणूस आहे' म्हटलं, तेव्हाही आजोबांनी नुसता वेग कमी केला.

फेरी मारून गाडी फाटकापाशी उभी राहिली. आता गप्प राहून भागणार नव्हतं. नातीसाठी तरी बोलायलाच हवं, मग आजोबांनी तोंड बघणं बंद केलं तरी चालेल.

"अहो, एक सांगायचं होतं."

आजोबांचं लक्ष नव्हतं. ते समोरच्या खांबाकडे डोळे बारीक करून बघत होते. मग त्यांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि आजींच्या तळहातावर ठेवली.

"उद्या टॅक्सीच सांग," ते म्हणाले. "तो गाढव तर मला म्हणाला होता, नवं तेल घातलं की ही जागची हलणार नाही."