खुळखुळ्यातले रुपये

"फोडा," दगडाबाई म्हणाली आणि तिने खुळखुळा पंडित सोनारापुढे ठेवला.

वडवणीचा आठवडी बाजार भरला होता. दगडाबाईचा लेक सिदू दुकानाच्या पायरीवर बसून मोबाइल बघत होता. त्याची बायको उज्ज्वला सासूच्या मागे उभी होती आणि खुळखुळ्यावरची नजर काही हलवत नव्हती.

ही सिदूच्या पणज्याची हौस. मेंढरं विकून आलेले निजामाचे दोन चांदीचे रुपये त्याला खर्चवेनात, म्हणून त्याने ते समोरासमोर बसवून, आत छर्रे घालून लेकरांसाठी खुळखुळा घडवून घेतला. पुढे त्या घरातलं प्रत्येक पोर निजामाचे रुपये चावतच मोठं झालं. सिदूनंतर मात्र तो कुणाच्या हातात गेला नाही.

दगडाबाईचं म्हणणं सरळ होतं. नवरा जाऊन वर्ष होत आलं. आता त्याचा टाक, म्हणजे पत्र्यावर ठसवलेली प्रतिमा, घडवून देव्हाऱ्यात बसवायचा, आणि तो टाक घरच्याच चांदीचा हवा. त्याशिवाय गेलेलं माणूस घरात येत नाही, उंबऱ्याबाहेर ताटकळत राहतं. आणि घरची म्हणावी अशी चांदी एवढीच उरली होती.

उज्ज्वलाला दिवस गेले होते. याआधी दोनदा गेले, दोन्ही वेळा तिने हरखून घरभर सांगितलं आणि दोन्ही वेळा सगळं वाया गेलं. या वेळी पाचवा महिना लागेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असं तिने ठरवलं होतं. सिदूलासुद्धा सांगितलं नव्हतं. बोललं की दृष्ट लागते, यावर आता तिचा देवापेक्षा जास्त विश्वास होता. गप्प राहावं तर लेकराचा खुळखुळा जातो, बोलावं तर लेकरूच जातं की काय, अशी भीती.

पंडितने चष्मा चढवला. "मावशी, हे आसंच ऱ्हाऊ द्या. निजामाचे रुपये लई जणाकडं हायेत, पण आसं घडवलेलं मी तरी दुसरं बघितलं न्हाई. येकदा फोडलं की नुसते रुपये ऱ्हात्यात."

"ठिवून काय करू? वाजवनार कोन हाय?"

सिदूने मान खाली घातली.

"आत्याबाई, माझे पैंजण द्या की त्याच्या बदली," उज्ज्वला म्हणाली.

"तुझे पैंजण तुझ्या माहेरचे. म्हातारं त्यात बसंल व्हय?"

"मंग पुढल्या वर्सी करू."

"कावून?" दगडाबाईचा आवाज चिरकला. "वरीस झालं, माणूस बाहीर हुबं हाय माझं. तुला कशापायी पायजे ते, येवढं सांग. पटलं तर न्हाई फोडत."

उज्ज्वलाने तोंड उघडलं आणि मिटलं. एवढं विचारूनही सून बोलत नाही म्हटल्यावर तिने पंडितकडे बघून मान हलवली.

पंडितने नाइलाजाने छन्नी काढली. आत काय आहे, किती आहे, याचा अंदाज घ्यायला त्याने खुळखुळा कानाशी नेला.

"वाजवू नका," उज्ज्वला इतक्या जोरात म्हणाली की शेजारचा भांडीवाला वळून बघू लागला. "रिकामा वाजवू नका."

रिकामा पाळणा हलवू नये, हातात धरणारं लेकरू नसताना रिकामा खुळखुळा वाजवू नये, येणाऱ्या लेकराला ते बाधतं, हे त्यांच्यात सगळ्यांनाच ठाऊक होतं. येणारंच कुणी नसेल तर वाजवला काय आणि न वाजवला काय. गेल्या दिवाळीत उज्ज्वलानेच तो राखेने घासला होता. तेव्हा तो चांगला घरभर वाजला आणि तिला त्याचं काही वाटलं नव्हतं.

दगडाबाईने वळून सुनेकडे बघितलं. उज्ज्वलाने जीभ चावली होती.

म्हातारीने पंडितच्या हातातून खुळखुळा घेतला. आतले छर्रे हलू नयेत इतक्या जपून तो पदरात गुंडाळला आणि ती पायरी उतरली.

"आये, टाक करायचा न्हाई का?" सिदू उठून उभा राहिला.

"तुझा बाप थांबंल. मेंढरामागं जलम गेला त्याचा, हुबं ऱ्हायाची सवय हाय त्याला."

"आगं पर झालं काय?"

दगडाबाईने बाजाराकडे तोंड केलं आणि कुणी टपून ऐकत असेल तर त्यालाही नीट कळावं, इतक्या मोठ्याने ती म्हणाली, "काय बी झालं न्हाई. आमच्या घरात काय बी न्हाई."