आधी आमची झडती

"आधी आमची झडती घ्या, मग आम्ही तुमच्या दुकानाची घेतो," फौजदार आनंदराज म्हणाले आणि देगलूरच्या बाजारात, नागप्पाच्या मेडिकलमध्ये हात वर करून उभे राहिले.

हे नियमातलं वाक्य. पोलिसांनीच माल आणून ठेवला, असं उद्या कोर्टात कुणी म्हणू नये म्हणून विचारायचं. त्यावर हो म्हणायचं नसतं. जेवणारा माणूस 'या जेवायला' म्हणतो, म्हणून आपण लगेच ताट ओढून बसतो का?

नागप्पा म्हणाला, "हाव. घेतो की."

पंच म्हणून आणलेल्या अण्णारावांची पाचावर धारण बसली. ते सरकारी कचेरीतले कारकून. फौजदारांना कोर्टात साक्ष न फिरवणारा सरकारी पंचच पाहिजे होता, म्हणून त्यांना खुर्चीवरून उठवून थेट जीपमध्ये घातलं होतं. आणि त्यांच्या पँटच्या खिशात होती गोळ्यांची पट्टी. जिच्यासाठी ही धाड पडली, तीच गोळी. सकाळीच याच नागप्पाकडून घेतलेली, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय. कंबर दुखते म्हणून सुरू केली होती. कंबर कधीच बरी झाली, गोळी काही सुटली नाही.

जीपमध्ये फौजदारांनी सगळा कायदा ऐकवला होता. ही गोळी आता गांजा-अफूच्या कायद्यात आली. चिठ्ठीशिवाय थोडी सापडली तरी वर्षभर आत, मोठा साठा सापडला तर दहा वर्षं पक्की. अण्णाराव 'हो का, हो का' करत खिसा दाबून बसले होते. आत जाणं म्हणजे नोकरी गेली, तोंडावर आलेली पेन्शन गेली, आणि सोयऱ्याधायऱ्यांत तोंड दाखवायची सोयही गेली.

नागप्पानं झडती सुरू केली, तीही अगदी चवीनं. फौजदारांसोबत आलेल्या जमादाराच्या खिशातून गुटख्याची पुडी निघाली. बंदी असलेला माल, तोही पोलिसाकडं. बोला आता! फौजदार छताचा पंखा बघू लागले.

मग नागप्पा अण्णारावांपुढं आला.

"माझी कशाला? मी तं पंच हाय," अण्णाराव म्हणाले.

"सगळ्यांची म्हणजे सगळ्यांची," फौजदार म्हणाले. मेला नियमाचा माणूस.

नागप्पाचा हात खिशात शिरला. पट्टीवर थांबला. पट्टी चुरचुरली. अण्णारावांना कुलदैवताचं नावसुद्धा आठवेना. नागप्पानं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि हात रिकामाच बाहेर काढला.

"कायबी न्हाई साहेब."

अण्णारावांचा जीव भांड्यात पडला. माणूस म्हणावा की देव, असं वाटून त्यांना रडूच येऊ लागलं.

मग दुकानाची झडती झाली. सलाईनच्या खोक्यांमागून गोळ्यांची खोकीच्या खोकी निघाली. वर्षभराचं काम नव्हतं, सरळ दहा वर्षांचं होतं. माल सील झाला, पंचनामा लिहून झाला, अण्णारावांनी सही ठोकली.

"पंचाबद्दल काही तक्रार?" जाता जाता फौजदारांनी नागप्पाला विचारलं.

"तक्रार कसली साहेब? लई भला माणूस," नागप्पा म्हणाला आणि त्यानं अण्णारावांच्या खिशावर हळूच थोपटलं. "फक्त कोर्टात साक्षीला हेच पाहिजेत मला."