मुनीराला न्यायचा दिवस

“यातलं काहीही जादाचं नसतं,” फळ्यावरच्या आकृतीवर बोट ठेवून नर्स कालिंदीबाई म्हणाल्या. “प्रत्येक अवयवाला काम असतं.” मॅट्रिकच्या मुलींनी लाजून माना खाली घातल्या. तास संपताच सगळ्या पळाल्या. सकीना तेवढी बाकावर बसून राहिली.

“बाई, तिथलं लहानपणी कापतात ना? सगळ्याच मुलींचं?”

कालिंदीबाईंना आधी कळेचना. सकीनाने अडखळत सांगितलं. एक म्हातारी येते. जादाचं मांस असतं, ते काढलं की मुलगी वळणात राहते, असं घरात म्हणतात. त्यांच्या बोहरी जमातीत सगळ्यांचंच करतात.

कालिंदीबाईंनी वर्गाचं दार लोटून घेतलं. त्यांची शाळेतली भाषा गळून पडली.

“न्हाय गं पोरी, सगळ्यांचं न्हाय. रक्त जातंय, जखम चिघळतीया, पुढं बाळंतपणात हाल होत्यात. आन् फायदा काडीचा न्हाय.”

सकीना उठली आणि पळत सुटली. सकाळीच दादीमाने तिच्या धाकट्या बहिणीला, मुनीराला, नवा फ्रॉक घातला होता. मिठाई घ्यायला जायचंय, असं सांगितलं होतं. कुठे जायचंय ते सकीनाला ठाऊक होतं, पण तेव्हा तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

लक्ष्मीपुरीतल्या त्यांच्या काचसामानाच्या दुकानासमोर टांगा उभा होता. दादीमा आत बसली होती. आई मुनीराचा हात धरून घराचा जिना उतरत होती. सकीना तिला आडवी आली.

“जा, दादीमाजवळ बस,” आईने मुनीराला सांगितलं. ती उड्या मारत सकीनाच्या हाताखालून निसटली.

सकीनाने धापा टाकत सगळं सांगितलं. रक्त, चिघळणं, बाळंतपण. आईला एकदा कळलं की ती टांगा परत पाठवील, याची तिला खात्री होती.

“तुला ठाऊकच नव्हतं, मा. आता कळलं ना?”

आई भिंतीला टेकली.

“तुझ्याआधी मला एक मुलगी होती,” ती हळूच म्हणाली. “मुनीराएवढीच झाली होती. नेली त्या दिवशी तिचं रक्त थांबलंच नाही.”

खालून दादीमाची हाक आली. आईने ओढणी डोक्यावर सारखी केली.

“तरी त्यानंतर तुला नेलंच की मी,” ती म्हणाली आणि खाली उतरली.