मुणगेकरबाईंचं लॉगिन

"काल दुपारी ही पिशवी दिली कुणी?" अधीक्षकांनी विचारलं. रक्तपेढीतले सहाही जण मान खाली घालून उभे होते. दुसऱ्याच पेशंटचं रक्त वॉर्डात गेलं होतं आणि अर्धी पिशवी चढवूनही झाली होती.

मी कॉम्प्युटरवर नोंद उघडली. नाव आलं मुणगेकरबाईंचं. त्या तर मे महिन्यातच निवृत्त झाल्या होत्या.

हॉस्पिटलच्या नेटवर्कवर कुणाला घ्यायचं, कुणाला काढायचं, हे काम माझं. बाईंचं नाव मी तेव्हाच काढलं होतं, पण दुसऱ्या दिवशी रक्तपेढी अडली. सगळे त्यांच्याच नावाने लॉगिन करत. पासवर्ड फ्रिजच्या दारावर चिकटवलेला. "सहा जणांचे नवे फॉर्म कोण भरणार? राहू द्या की!" तिथले म्हणाले. मी नाव परत घातलं आणि राहू दिलं.

बाईंना बोलावणं गेलं. त्या रिक्षाने आल्या, धापा टाकत. अधीक्षकांनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. मी कीबोर्डवरची नजर उचलली नाही.

बाईंनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. "पेशंट कसा आहे?" त्यांनी विचारलं.

सकाळपासून चौकशी चालली होती. वॉर्डात फोन करून हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नव्हतं.