तेल पाजायची आठवण

आबांनी बुधवारची सगळी गिऱ्हाइकं माउसनं उचलली आणि रविवारी नेऊन टाकली. मग चष्मा पुसला, चेहरा जमेल तितका बावळट केला आणि जिन्याकडे तोंड करून हाक मारली.

"सूनबाई, ह्या कॅलेंडरनं पुन्हा घात केला गं."

वर दार उघडल्याचा आवाज आला. आबांना बरं वाटलं.

खाली त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान, वर घर. सुनेची नोकरी गेली होती. कामाला परगावी निघताना मुलानं बजावलं होतं, "तिला त्यातलं काही विचारू नका, आबा. नुसतं बोलतं ठेवा." तेव्हापासून पोर दिवसभर खोलीत, दार लावून. तसे आबाही दुपारपर्यंत अंथरुणातच असायचे. बायको गेल्यापासून दुकानाचं शटर अर्ध्याच्या वर गेलं नव्हतं. पण त्यांचं काय, त्यांचं वय झालं. तरण्याताठ्या पोरीनं असं बसून राहायचं म्हणजे काय?

मग एक दिवस तीच म्हणाली, "आबा, दुकानाला मेल आणि कॅलेंडर लावून देऊ? मशीन नेलं की वर्षानं गिऱ्हाइकाला आपोआप मेल जाईल, तेल पाजायची वेळ झाली म्हणून. वेळही तिथंच ठरेल."

"मला म्हाताऱ्याला काय कळतंय त्यातलं," आबा म्हणाले. दोन दिवसांत त्यांना सगळं कळलं. तिसऱ्या दिवशी ते बिघडवायला शिकले.

बिघडवायचं म्हणजे सून खाली यायच्या आत उठणं आलं. सुनेसमोर गबाळं कसं बसायचं, म्हणून दाढी आली. आणि अंधारात कळफलक दिसत नाही, म्हणून शटर पूर्ण वर आलं.

"हे बघा," सून शेजारी स्टूल ओढून सांगायची, "प्रत्येक नोंदीला दोन गोष्टी विचारतं. पुन्हा कधी, आणि कधी थांबवायचं. तिथं 'कधीच नाही' दाबू नका हं, नाहीतर आपण सगळे वर गेलो तरी टेलरला मेल जात राहतील."

"जाऊ देत की. तेवढीच आपली आठवण."

ती हसली. आबांनी तो दिवस कमाईत धरला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी 'दरवर्षी'चं 'दर तासाला' केलं. कोपऱ्यावरचा टेलर भर दुपारी मशीन खांद्यावर घेऊन हजर.

"पाजलं, आबा. मेल आला की पाजलं. आता पँट शिवायला घेतली की तळूनच निघते."

सुनेनं हसत हसत त्याची माफी मागितली आणि चहा ठेवायला वर गेली. टेलर खाली वाकला. "आबा, अख्खं मशीन डोळे मिटून जोडता तुम्ही. आणि एवढं जमत नाही?"

"हळू बोल. पोरीला खोलीतून बाहेर काढायचंय."

टेलरनं त्यांच्या गुळगुळीत गालांकडे पाहिलं, वर गेलेल्या शटरकडे पाहिलं आणि म्हणाला, "काढा, काढा."

मग कंबरेच्या पट्ट्याचं झालं. 'कंबरेला पट्टा बांधणे' ही आबांची खाजगी नोंद आमंत्रण होऊन सगळ्या गिऱ्हाइकांना गेली. अर्ध्यांनी 'येतो' कळवलं. एका बाईंनी सोबत बहिणीला आणू का विचारलं. आठ-दहा जण तर खरंच आले, आणि आलोच आहोत तर म्हणून बिघडलेली मशीनंही घेऊन आले. सासरा आणि सून दिवसभर मान वर न करता राबले. हे मात्र आबांनी केलंच नव्हतं. लागलं असेल बोट, ते मनात म्हणाले. हाताला गुणच तसा आलाय.

धंदा असा वाढत असताना सून एका शनिवारी म्हणाली, "आबा, मला काम मिळालं. सोमवारपासून ऑफिस."

"वा. छान झालं." आबांनी आधीच घट्ट असलेला स्क्रू आणखी पिळला.

"तुम्हाला जमेल ना?"

"न जमायला काय झालं?"

"शटर पूर्ण उघडायचं. आणि एकट्यानं जेवायचं नाही, टेलरला हाक मारायची."

"तू मला शिकव आता. जा, ऑफिससाठी चपला बघणार होतीस ना?"

ती गेली. दुकान एकदम मोठं वाटायला लागलं. आबा कॉम्प्युटरसमोर बसले. पोर सुखानं गेली पाहिजे, मागे पसारा नको, म्हणून त्यांनी पहिल्यांदाच सगळं कॅलेंडर मनापासून नीट लावलं. प्रत्येक टेलर आपापल्या वारी गेला. कडेला एका हिरव्या चौकोनापुढे सुनेचं नाव होतं. तिनं कधीतरी इथूनच आपलं कॅलेंडर उघडलं असणार, आणि बंद करायचं राहिलं असणार. आपला गोंधळ तिच्यातही शिरला नाही ना, हे बघायला आबांनी चौकोनावर टिचकी मारली.

पडदा हिरवा झाला.

सोमवारी लिहिलं होतं, 'बिनपगारी रजा संपली. जुन्याच टेबलावर हजर.' मागच्या महिन्यात, गर्दी झाली त्याच्या आदल्या दिवशी, 'पट्ट्याचं आमंत्रण सगळ्यांना पाठवणे.' आणि अगदी सुरुवातीच्या दिवसापासून, रोज सकाळी, एकच नोंद पुन्हा पुन्हा.

'आबांना खोलीतून बाहेर काढणे. पुन्हा कधी: रोज. कधी थांबवायचं: कधीच नाही.'