कसायाची तालीम

"तुम्ही गळा दाबताय की खांदे चेपून देताय?" दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला.

सेटवरचे सगळे हसले. खाली पडून गळा दाबून घेणारा नटही हसला.

त्याच्या छातीवर बसलेला माणूस ओशाळून उठला. अंगानं दांडगा, भुवया जाड, आवाज खर्जातला. देवानं त्याला खलनायकाचा सगळा ऐवज दिला होता, फक्त आत गरीब गाय बांधून ठेवली होती. समोरच्याला लागेल या धास्तीनं ऐनवेळी त्याचे हात ढिले पडत. आजवर तो नायकाचा मार खाणाऱ्या गुंडांच्या घोळक्यातच उभा राहिला होता. नाव लागेल असं हे पहिलंच काम, आणि तेही हातचं जायच्या बेतात होतं.

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. दोघांचं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. ती विधवा होती. पहिल्या नवऱ्याबद्दल ती बोलत नसे आणि तो विचारत नसे. तिच्या दोन्ही हातांवर, मनगटापासून वर, ओरखड्यांचे जुने फिकट वण होते. ते दिसले की न पाहिलेल्या त्या माणसाबद्दल त्याच्या मनात संताप दाटून यायचा.

ती भांडी पुसत होती. फडकं बाजूला ठेवून म्हणाली, "दाखवा बरं, कसा दाबता ते."

"तुझा गळा?"

"मग काय उशीचा?"

त्यानं भीतभीत हात ठेवले. तिनं मान हलवली.

"डोळे काय वटारताय? दात काय खाताय? मारणाऱ्याला एवढी ऐट सुचत नाही हो. तो कामात असतो." तिनं त्याचे अंगठे धरून थोडे खाली सरकवले. "आणि ओरडू नका. ओरडतो तो घाबरलेला असतो. झालं की बसा, काहीतरी खा. भूक लागते."

"भूक?"

"सडकून."

हिनं काय काय सोसलं असेल, या विचारानं त्या दिवशी त्यालाच घास गिळवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं तसं त्यानं केलं. चेहरा कोरा ठेवून, बरणीचं घट्ट झाकण उघडावं तसा त्यानं गळा दाबला. मग प्रेताशेजारी मांडी घालून बसला आणि खिशातलं सफरचंद काढून सावकाश खाल्लं. दिग्दर्शक 'कट' म्हणायला विसरला.

चित्रपट आपटला, पण सफरचंद गाजलं. लोक त्याला 'कसाई' म्हणू लागले आणि तेच त्याचं नाव झालं.

मग गाडी सुसाट सुटली. पडद्यावर त्यानं हातोडीनं गुडघे फोडले, सख्ख्या भावाला टबात बुडवलं, साक्षीदाराची बोटं दारात चिरडली. प्रत्येक खुनाची तालीम आधी स्वयंपाकघरात व्हायची. "बुडवायला लागलं की माणूस आधी हसतो," बायको सांगायची. "त्याला वाटतं, चेष्टा चाललीय." तसं केलं की थिएटरात लोक श्वास रोखून बसत. एकदा भर बाजारात एका म्हातारीनं त्याला चपलेनं हाणलं. तो हिरमुसून घरी आला, तर बायको पोट धरून हसली. "याहून मोठं बक्षीस कुठलं मिळणार तुम्हाला?"

त्याचा प्रत्येक चित्रपट ती पहिल्याच दिवशी बघायची. त्या दिवशी तिचा त्याच्यावर फार जीव असायचा.

अशी कैक वर्षं गेली. मग तो दिवस उजाडला.

प्रसंग गळा दाबण्याचाच होता. खाली पडलेला नट त्याचा जुना दोस्त, गुंडांच्या घोळक्यातला. कॅमेरा सुरू झाला आणि कसायाचे हात कामाला लागले. दोस्तानं पाय झाडले, नखं रोवून त्याचे हात सोलून काढले. झकास अभिनय चाललाय असंच सगळ्यांना वाटलं. शेवटी फाइट मास्टरनं धावत येऊन त्याला लाथेनं बाजूला पाडलं. दोस्त निळा पडला होता. नाकातून रक्त येत होतं, दातांखाली जीभ तुटून लोंबत होती.

दोस्त वाचला, पण पुन्हा धड बोलेल याची खात्री डॉक्टर देईनात. हॉस्पिटलच्या बाकावर बसल्या बसल्या कसायाच्या ध्यानात आलं, की आपल्याला कडकडून भूक लागलीय.

घरी बायकोनं त्याचे हात धुतले, मलम लावलं.

"याचे वण राहतात," ती म्हणाली.

"मी सोडतोय हे सगळं."

ती मलम लावतच राहिली.

"तो तिथं मरत होता, आणि मला भूक लागली होती गं. पुरे झालं आता. मी आपला पहिला होतो तसाच बरा. मास्तराची, डॉक्टरची बारकीसारकी कामं करीन, नाहीतर घरी बसेन. मला कुणाला मारता येत नाही. खोटं खोटंही नाही."

तिनं मलमाचं झाकण लावलं. खुर्चीमागं उभी राहून त्याची आखडलेली मान चोळू लागली. त्याला बरं वाटलं. डोळे मिटून, इतकी वर्षं न विचारलेलं त्यानं आज विचारलं.

"तुझा पहिला नवरा तुला फार मारायचा का गं?"

"मारायचा? छे हो," ती म्हणाली. "त्याला कुठं कुणाला मारता यायचं."