वंगाळ फोटो

"ताई, माजा फोटू वंगाळ काढा."

बॅगेची चेन उघडता उघडता चारुशीला थांबली. लग्नाच्या मुलींचे फोटो काढण्यात तिची बरीच वर्षं गेली होती. गोरी करा, बारीक करा, चष्म्याची खूण घालवा, सगळं ऐकून झालं होतं. हे मात्र नवीनच होतं.

शिवांजलीनं दाराकडं एकदा बघून घेतलं. तिचे वडील अर्जुना बाहेर छपरात शेळ्यांना पाला टाकत होते. आई आत चहाचं बघत होती.

"कराडकडचं स्थळ हाय. लालासाहेब म्हनून. चाळिशीला टेकलाय. पैली बायकू हिरीत पडून मेली म्हनत्यात. माज्या मावशीची नणंद त्याच गावात दिलीया. ती सांगती, पडली न्हाई, ढकलली."

"वडलांना सांगितलंस?"

"सांगितलं की. आबा म्हनत्यात, नदीकाठचं बागाईत बगून लोकं जळत्यात, गावाचं त्वांड कोन धरायचं?" तिनं आवाज आणखी खाली घेतला. "त्याला देखणीच पायजे. दोन पोरींना नुसता फोटू बगून न्हाई म्हनलाय. आबा न्हाई म्हनत न्हाईत, तर निदान त्यो तरी म्हनू दे."

कवठे महांकाळच्या कोरड्या रानातून मुलगी कृष्णाकाठच्या उसात जाते म्हटल्यावर बापाला दुसरं काय दिसणार? चारुशीला फार विचार करत बसली नाही. "काढते," म्हणाली.

चेहऱ्याला लेन्स कुठली लावायची, इथंच तिच्या धंद्यातली निम्मी लढाई. वाइड लेन्स तोंडाशी नेली की जवळचं ते मोठं होतं. नाक फुगतं, कपाळ पुढं येतं, कान मागं पळतात. अप्सरा आणून बसवली तरी तिचं भरताचं वांगं होतं. ती लेन्स मांडवातल्या पंगतीसाठी, नवरीला ती कुणी लावत नाही. चारुशीलानं तीच चढवली आणि हातभर अंतरावर जाऊन बसली. मुद्दाम वाईट काम करायची तिची ही पहिलीच वेळ. बोटं अवघडल्यासारखी झाली, पण फोटो मनासारखे वाईट आले.

तिनं ते शिवांजलीला दाखवले. पोरगी बघतच राहिली आणि मग तोंडावर हात धरून हसली.

"आगं बया! हिला तर कुत्रं बी इचारायचं न्हाई."

किती दिवसांनी हसली असेल कुणास ठाऊक. हात खाली आला तरी हसू चेहऱ्यावर राहिलं होतं, आणि दारातलं ऊन नेमकं गालावर पडलं होतं.

स्वभावाला औषध नसतं. चारुशीलाचे हात शिवशिवायला लागले. बॅगेत पंच्याऐंशी एमएमची लेन्स होती, नवी कोरी, खास चेहऱ्यासाठी घेतलेली. घेतल्यापासून तिला असा चेहरा मिळाला नव्हता.

"एक काढू? माझ्यासाठी. कुणालाच दाखवणार नाही."

"तुमच्यासाठी व्हय?" पोरगी लाजली. "काढा की."

लेन्स बदलून चारुशीला पार भिंतीला टेकेपर्यंत मागं सरली. एकच फोटो काढला. मागचा पत्रा, ज्वारीची पोती, दोरीवरची धुणी, सगळं विरघळून गेलं होतं. उरली होती फक्त शिवांजली. असा फोटो आपल्या हातून निघेल, हे चारुशीलाला स्वतःलाही वाटलं नव्हतं. एक बटण दाबून तो पुढं सरकवायला हवा होता. ती बघत बसली.

"बगू, कसं आलंय?"

चहाचा कप घेऊन अर्जुना पाठीशी उभे होते. त्यांनी पाहिलं, आणि कप कलून चहा बशीत सांडला तरी त्यांना कळलं नाही.

"आवं ताई, ही आमचीच का?" त्यांचे डोळे भरून आले होते. "ह्योच द्या."

"हा जरा हललाय, काका. दुसरे आहेत ना." तिनं घाईघाईनं मागचे दाखवले.

अर्जुनांनी तोंड वाकडं केलं. "ही काय पोरगी हाय व्हय आमची? ताई, लय नाव ऐकून बोलावलं तुमास्नी. ह्योच द्या. असा फोटू तालुक्यात कुनी काढला नसंल."

खोटं कशाला सांगा, चारुशीलाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. कॅमेऱ्याला फोन जोडला जात नाही म्हणाली असती, तर त्या भल्या माणसाला काय कळणार होतं? पण वाईट फोटोंच्या खाली आपलं नाव लागायचं, या विचारानं तिची जीभ उचलेना. फोटो त्यांच्या फोनवर गेला, आणि तिथून कराडला.

चहा संपायच्या आत फोन वाजला. अर्जुना बोलत बोलत अंगणात गेले. "व्हय, व्हय… पसंत म्हंता? आयतवारीच येताय? या की, या!"

शिवांजलीनं चारुशीलाच्या हातातून कॅमेरा घेतला. आपला तो फोटो ती बराच वेळ बघत राहिली.

"शिवांजली, मी…" चारुशीलानं कॅमेऱ्यासाठी हात पुढं केला. "मी पुसून टाकते गं तो."

"नगं, ताई. लय चांगला आलाय." पोरीनं कॅमेरा जपून परत दिला. "मोठा करून फ्रेम करून ठिवा. आईला हार घालायला लागंल."